पास झालेले पक्षी

चौतीस वर्षं मी कापड तपासलं. सुरतेत, उधन्याच्या एका मिलमध्ये, फोल्डिंग खात्यात, खालून दिवे लावलेल्या काचेच्या टेबलावरून कापडाचा ताका सरकत जायचा आणि मी त्याच्यावर नजर रोखून उभा असायचो. लोकांना वाटतं, तपासणाऱ्याने कापड बघायचं असतं. तसं नसतं. कापडात जे बिघडलंय तेवढंच बघायचं असतं. तुटलेला दोरा, तेलाचा डाग, रंग न धरलेली जागा, बारीकसं भोक. दिसलं की टेबल थांबवायचं, लाल खडूने खूण करायची आणि कागदावर लिहायचं. चांगल्या कापडाबद्दल काही लिहायचं नाही. ते पास. कागद कोरा राहिला म्हणजे माल उत्तम आणि शेठ खूश.

हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. नाहीतर तलावावर मी जे केलं ते वाचून माझ्या डोक्यात काही फरक पडलाय असं वाटायचं. फरक पडलेला नाही. डोकं होतं तसंच आहे आणि तेच दुखणं आहे.

निवृत्त झालो तेव्हा मिलने शाल दिली, नारळ दिला आणि घरी पाठवलं. घरी टेबल नव्हतं, ताके नव्हते, पण नजर सोबत आली होती. पहिल्या आठवड्यात मी आमच्या पत्र्याच्या दारावर गंजाचे अकरा डाग शोधून काढले. मग स्वयंपाकघराकडे वळलो. भाकरी एका बाजूला जाड आहे, वरणाला फोडणी उशिरा पडली, या बशीला टवका उडालाय. मी भांडत नव्हतो, रागावतही नव्हतो, नुसती नोंद करत होतो. बायकोने महिनाभर ऐकून घेतलं. मग एके सकाळी तिने पायात चपला सरकवल्या आणि "जरा फिरी येस" म्हणून जी गेली ती दोन तासांनी आली. दुसऱ्या दिवशी तेच. मी घरी बसायला लागलो आणि ती बाहेर.

ती जायची आमच्या वस्तीमागच्या तलावावर. का, ते कळायला आमचं घर बघायला हवं. आमच्या घराची एक भिंत आणि शेजारच्या लूमच्या खात्याची एक भिंत ही एकच भिंत आहे. दोन पाळ्यांत माग चालतात. पाळी बदलताना घटकाभर थांबतात तेव्हा आम्ही दचकतो. अशा घरात बोलायचं म्हणजे ओरडायचं. खानदेशातून पाहुणे आले की पहिले दोन दिवस त्यांना वाटतं आमचं भांडण चाललंय. तिसऱ्या दिवशी तेही ओरडायला लागतात. तीस वर्षांत बायकोचा डावा कान मंद झाला. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की रोज थोडा वेळ शांत जागी बसत जा, राहिलेलं ऐकणं टिकेल. मी विचारलं, अशी जागा सुरतेत कुठे आहे? डॉक्टरांनी उठून खिडकी लावून घेतली. त्यांच्याही दवाखान्याखाली एम्ब्रॉयडरीची मशीनं खडखडत होती.

जागा शेवटी तिनेच शोधली. तलावाच्या तीन बाजूंना पायऱ्या आहेत, फरशी आहे, चालायची वाट आहे. चौथी बाजू, आमच्या वस्तीकडची, तेव्हा कोणी बांधलेली नव्हती. तिथे चिखल, बाभळी आणि पुरुषभर उंचीचं पाणकणीस. मागे एका गोदामाची लांबलचक भिंत आहे, त्यामुळे मागांचा आवाज तिथपर्यंत पोचत नाही. त्या पाणकणसाच्या कोपऱ्यात एक सपाट दगड होता. ती त्याच्यावर जाऊन बसायची.

एकदा मलाही घेऊन गेली. आम्ही दोघं दगडावर बसलो आणि ती काहीतरी बोलली. ओरडली नाही, बोलली. "आठे माले ऐकू येस," म्हणाली, म्हणजे इथे मला ऐकू येतं. लग्नाला चाळीस वर्षं होत आली होती आणि तिचा हळू आवाज कसा आहे हे मी विसरून गेलो होतो. चांगला आहे तो. थोडा जाडसर, उन्हात वाळत घातलेल्या घोंगडीसारखा. मी तसं तिला म्हणालो नाही. त्यात नोंद करण्यासारखं काही नव्हतं.

तिथे बसून बसून ती पक्षी ओळखायला शिकली होती, तेही कानांनी. पाणकणसात जांभळ्या पाणकोंबड्या राहायच्या, लाल चोचीच्या, लाल पायांच्या, कोंबडीएवढ्या. त्या बाहेर फार येत नाहीत. पण आत कोण चालतंय, कोण कुणावर खेकसतंय, हे तिला कळायचं. त्यातली एक लंगडी होती. दोन पावलं पडायची, मग थांबायची, मग पाण्यात काहीतरी ओढल्यासारखं व्हायचं. ती आली की बायको मान वळवून उजवा कान तिकडे करायची आणि तिचा चेहरा सैल पडायचा. घरात मी तो तसा कधी पाहिला नव्हता.

मग तलावाला समिती झाली.

ज्या पाण्याकडे इतकी वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं, त्याला अचानक चाहते फुटले. ज्यांच्या फ्लॅटच्या गॅलऱ्या तलावाकडे होत्या ते सगळे चाहत्यांत आले. त्यांना गाण्यावर नाचणारं कारंजं हवं होतं, खाण्याच्या गाड्या हव्या होत्या आणि फोटो काढायला हृदयाच्या आकाराची एक लोखंडी चौकट हवी होती. पण शहरातल्या एका निसर्गमंडळाचे साहेब समितीवर घेतले होते. निवृत्त, सज्जन, कायम खिशाखिशांची टोपी घातलेले. त्यांनी लावून धरलं की एक तरी काठ पक्ष्यांना सोडा. कोणता सोडायचा आणि कोणता बांधायचा यावर तीन बैठका झाल्या, प्रत्येक बैठकीत खमण झालं. अखेर न्यायाचा मार्ग निघाला. उत्तरायणानंतरच्या, म्हणजे संक्रांतीनंतरच्या रविवारी चारही काठांवर दिवसभर पक्षी मोजायचे, जमले तर किडेसुद्धा. जिथे सगळ्यात जास्त पक्षी तो काठ पक्ष्यांचा, जिथे सगळ्यात कमी तो कारंज्याचा.

बायकोने हे ऐकलं आणि हातातलं काम ठेवलं.

"तितला आपला कोपरा ऱ्हाऊ द्या म्हना त्यासले," ती म्हणाली. "बाकीना तलावमा काय नाचनं शे ते नाचा."

मी म्हणालो, काळजी करू नकोस, मी स्वतः मोजतो. चौतीस वर्षांत माझा एक रिपोर्ट परत आलेला नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, कौतुकाने बघतेय.

रविवारी सकाळी साडेसहाला सगळे तलावाच्या एका काठावर देऊळ आहे तिथल्या पायऱ्यांवर जमले. पक्षी बघायला एवढं सामान लागतं हे मला त्या दिवशी कळलं. कोपरभर लांबीच्या लेन्स, तीन पायांचे स्टँड, झाडात लपता यावं म्हणून हिरवे-तपकिरी ठिपके असलेले कपडे, आणि त्या कपड्यांवर लांबून दिसावं म्हणून नारिंगी पट्टा. आधी गटाचे फोटो झाले. मग पक्ष्यांविषयी प्रतिज्ञा झाली. मग साहेब नोंदीचा कागद कसा भरायचा ते समजावून सांगू लागले, आणि त्याच वेळी गरम लोचो, खमणाचा मऊ भाऊ, आला. मी लोचोच्या रांगेत उभा राहिलो. तपासणीचा कागद मला कोण समजावणार, असं माझ्या मनात होतं. 

काठ वाटून घ्यायची वेळ आली तेव्हा आमचा काठ कुणालाच नको होता. चिखल, वास, शिवाय फोटोत मागे गोदाम येतं. मी हात वर केला. साहेबांना बरं वाटलं. "काका, तमे लोकल छो, बराबर छे," म्हणाले आणि कागद माझ्या हातात दिला. गुजराती मला वाचता येतं. वर तीन रकाने होते, नाम, संख्या, नोंध. मागच्या बाजूला तेच तीन रकाने किड्यांसाठी. मी कागदाला पुठ्ठा लावला, कानावर पेन्सिल ठेवली, सवयीने खिशात लाल खडूही होता. बायकोने भाकरीचं फडकं काखेत धरलं आणि आम्ही आमच्या दगडावर येऊन बसलो.

पाण्यावर धुकं होतं. उत्तरायण होऊन थोडेच दिवस झालेले, बाभळींवर पतंगांचे सांगाडे लटकत होते आणि फांद्याफांद्यांतून गुलाबी मांजा चमकत होता. ऊन आलं तसे पलीकडच्या झाडावरून बगळे उठले. शंभर असतील, जास्तच असतील. एका ओळीत माझ्यासमोरून सरकत गेले, पांढरे स्वच्छ, कुठे डाग नाही, कुठे धागा ओढलेला नाही. काय माल होता! मी पेन्सिल कानावरून काढलीसुद्धा नाही. पास.

शेवटचा एक बगळा मागे राहिला होता. त्याच्या डाव्या पायात मांज्याचा गुंता होता आणि उडताना दोन हात लांब गुलाबी शेपूट मागे फडफडत होतं. मी लगेच लिहिलं. बगळा, एक, पायात दोरा.

पहिली नोंद झाली आणि माझी गाडी रुळावर आली. पाण्यात टिबुकल्या बुडत होत्या, वर येत होत्या. सगळ्या सारख्या, पास. वेडे राघू तारेवर बसून माश्या पकडत होते, हिरवा रंग एकसारखा बसलेला, पास. घार आली, शेपटीत मधलं एक पीस नव्हतं. लिहिलं. चिखलात एक काळा शराटी चोच खुपसत होता, त्याच्या डोक्यावर तांबडा डाग. छपाईत असा रंग उडतो, मी शेकडो वेळा पाहिलाय. लिहिला. खंड्या बाभळीवर बसला होता, पण त्याची चोच अंगाच्या मानाने फारच मोठी, मापात चूक. लिहिला. टिटवीच्या डोळ्यापुढे काहीतरी लोंबत होतं, तीही लिहिली. एक पाणकावळा खुंटावर दोन्ही पंख पसरून उभा होता तो मिटायलाच तयार नाही. मी त्याला पाव तास दिला. तरी मिटेना. पंख अडकलेले, असं लिहून टाकलं. पाणकावळे पंख असेच वाळवतात हे मला नंतर साहेबांनी सांगितलं, सांगताना त्यांनी टोपी काढून डोकं पुसलं.

बायको डोळे मिटून बसली होती. मध्येच म्हणाली, "आतमा आठ शेतस. आठ पाणकोंबड्या. लिखा."

मी पाणकणसाकडे पाहिलं. एक पातं हललं, बाकी काही नाही.

"दिखत नही," मी म्हणालो.

"दिखत नही म्हनीसन त्या नही का?"

"ऐकेल मालमा धरतस नही," मी तिला समजावलं. मिलमध्ये कुणी येऊन म्हणालं की आतल्या घडीत चांगलं कापड आहे, मी ऐकलंय, तर आम्ही घेत होतो का? पण तिने मोजणं थांबवलं नाही. सकाळभर तिच्या हाताची बोटं अंगठ्यावर टेकत होती, एक झालं की दुसरं, आणि मी ते बघत होतो.

नंतर लंगडी बाहेर आली. दोन पावलं, थांबली, मग उजवा पाय पाण्यातून ओढला. कधीतरी मांज्यातच गेला असावा. बायकोने डोळे उघडले. मी लिहिलं, पाणकोंबडी, एक, पाय अधू. तिच्या मागून तिच्या सात बहिणी आल्या, धडधाकट, जांभळ्या रंगात हिरवी झाक, उन्हात रेशमासारख्या. त्यांच्याकडे बघून मला खरंच आनंद झाला. एकही फॉल्ट नाही. पास.

दुपारी फडकं सोडलं. कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, कांदा. पाण्याच्या वाऱ्यात ती भाकरी इतकी गोड लागली की मी तिसरी मागितली. खाता खाता म्हणालो, ठेच्यात मीठ कमी आहे. ती "हूं" म्हणाली.

दुपारनंतर किडे घेतले. ते काम मला फार आवडलं, कारण माल बारीक होता. पाण्यावर पाणनिवळ्या नुसत्या सरकत होत्या, पाण्याला सुरकुतीसुद्धा पडत नव्हती. चतुर येऊन माझ्याच पुठ्ठ्यावर बसला. त्याच्या पंखाच्या टोकाशी एक काळा ठिपका होता, पण बघितलं तर चारही पंखांना तसाच, त्याच जागी. म्हणजे तो डाग नाही, डिझाइन आहे. असं ओळखायला अनुभव लागतो. त्याला पास केला. शराट्याच्या वेळी मात्र ताडून बघायला दुसरा शराटी नव्हता. मग दोन निळ्या टाचण्या, चतुराच्या जातीतल्याच पण सुईएवढ्या, दिसल्या, एकमेकींना चिकटलेल्या, तशाच उडत होत्या, तशाच बसत होत्या. मी लिहिलं, दोन नग जोडलेले. बायकोने कागदात डोकावून विचारलं काय लिहिलं, मी सांगितलं, आणि ती पदर तोंडाला लावून हसली. दिवसभरात तेवढंच हसली.

पाचच्या सुमाराला आम्ही देवळाकडे परत आलो. इतर काठांची माणसं आधीच आली होती. देवळाकडच्या काठाचा कागद दोन्ही बाजूंनी भरला होता, कारण तिथे लोक सकाळ-संध्याकाळ गाठिया टाकतात आणि शहरातलं प्रत्येक कबूतर तिथे जेवायला असतं. फ्लॅटच्या बाजूला त्यांनी बदकं मोजली होती. तिथे पायांनी चालवायच्या बदकाच्या आकाराच्या बोटी बांधलेल्या असतात, त्या धरल्या नसाव्यात अशी मला आशा आहे.

साहेबांनी माझा कागद हातात घेतला, वर-खाली पाहिला, उलटा केला.

"काका, सात ज? पाकुं छे?"

सातच का, पक्कं आहे ना, एवढंच त्यांनी विचारलं. चांगल्या मनाने विचारलं. तिथे मी तोंड उघडून विचारायला हवं होतं की बाकीच्यांचं काय करायचं असतं. पण माझ्या तपासणीवर कुणी शंका घेतल्याचं मला लागलं. शिफ्टचा मॅनेजरसुद्धा मला असं विचारायचा नाही. मी म्हणालो, "साहेब, चौतीस वर्षांत माझा रिपोर्ट परत आला नाही." आणि त्यांच्याच पेनाने खाली सही ठोकली.

मग माइक आला, समितीचे प्रमुख आले. ते साडीचे व्यापारी, बोलायला गोड. त्यांनी एकेका काठाची बेरीज वाचली, प्रत्येक बेरजेला टाळ्या पडल्या. पहिला नंबर देवळाकडचा, कबुतरांच्या जोरावर. शेवटी म्हणाले की वस्तीकडच्या काठावर दिवसभरात फक्त सात पक्षी आढळले, आणि त्यातलेही बरेच आजारी. तेव्हा तिथे कारंजं करायला पक्ष्यांचीही हरकत दिसत नाही. लोक हसले, टाळ्या वाजवल्या. मीही दोन वाजवल्या. तिसऱ्या टाळीला हात हवेत राहिला.

बायको माझ्या शेजारी उभी होती, उजवा कान माइककडे करून.

"कितला म्हने?"

"सात."

"सात बगळा?"

"नही," मी म्हणालो. "बठ्ठा मिळीसन सात."

मी धावत साहेबांकडे गेलो. सांगितलं की बगळे शंभरावर होते, पाणकोंबड्या आठ होत्या, टिबुकल्या होत्या, राघू होते, मी सगळे पाहिले, एकेक तपासला. मग लिहिले का नाहीत, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, ते सगळे पास झाले. साहेबांनी कागद पुन्हा उलटा करून पाहिला. त्यांना काही कळेना. प्रमुखांना मात्र माझं म्हणणं पहिल्या वाक्यात कळलं, कापडातला माणूस. ते म्हणाले, "काका, रिपोर्टवर सही झाली, माल पार्टीकडे गेला. आता परत कोण घेणार? पुढच्या मोजणीला बघू." माझ्या पाठीवर थाप मारून त्यांनी मला लोचोची प्लेट दिली. थंड झाला होता. मी तेही त्यांना सांगितलं.

घरी जाताना आम्ही कोपऱ्याशी थांबलो. अंधारत आलं होतं, बगळे परत येत होते. मी तिला सगळं सांगितलं, कागद कसा भरला, काय सोडलं. ती ऐकत होती. मग हळूच, रागाचा एक दोरा आवाजात न येऊ देता, म्हणाली, "चाळीस वरीस मनी भाकर खाधी. चांगली व्हयनी असं कधी म्हनं नही. तुमले पक्षी काय दिखतीन."

मला तिथे लाज वाटली. आयुष्यात लाज वाटण्यासारखं मी फार केलेलं नाही, निदान तशी माझी समजूत होती. घरभर मी खुणा करत फिरलो आणि जे चांगलं होतं ते माझ्यासमोरून गुपचूप सरकत गेलं. तिला वाटत राहिलं की मला ते दिसतच नाही. दिसत होतं. एक भाकरी असेल, एक तिचा हळू आवाज असेल, मी पास केलं होतं. पास केलेल्या मालाला कुणी काही सांगतं का?

ठरवलं की हे तिला सांगायचं, नीट, त्या दगडावर बसून, ओरडावं लागणार नाही अशा जागी. काठ बांधायला अजून वेळ होता. दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर गेलो, बसलो, घसा साफ केला आणि म्हणालो, "हा दगड हलतोय." तिसऱ्या दिवशी म्हणालो, यंदा डास जास्त आहेत. असे पंधरा-वीस दिवस गेले. रोज वाक्य जुळवून न्यायचो आणि तोंडातून दुसरंच निघायचं. जिभेला वळणच नव्हतं. ती ऐकून घ्यायची आणि उजवा कान पाणकणसाकडे करायची. मग एका सकाळी आम्ही गेलो तर निळे पत्रे ठोकलेले होते आणि आत जेसीबी चालू होता. पत्र्यांवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, निसर्गाच्या सान्निध्यात. ती पत्र्याला कान लावून थोडा वेळ उभी राहिली आणि मग घरी निघाली.

कारंजं सुरू झालं तेव्हा आम्हाला आमंत्रण होतं, कारण मोजणीत मी सेवा दिली होती. फरशी गुळगुळीत, गाड्यांवर पावभाजी, हृदयाच्या चौकटीपुढे रांग. कारंज्याच्या मोटारीचा आवाज थेट आमच्या खात्यासारखा, त्यावर गाणं. दगड होता तिथे एक रंगीत फलक लावला होता, या काठावर आढळणारे पक्षी. खाली सात चित्रं. माझ्याच कागदावरून काढली होती. फक्त चित्रकाराने माझ्या नोंदी वाचून सगळ्या चुका दुरुस्त केल्या होत्या. बगळ्याच्या पायातला दोरा काढला, घारीला नवं पीस लावलं, खंड्याची चोच मापात आणली, टिटवीचं लोंबणारं कापलं, पाणकावळ्याचे पंख मिटले आणि शराट्याच्या डोक्यावरचा डाग धुऊन टाकला. त्यामुळे शराटी नक्की कोण, हे आता साहेबांनाही सांगता येत नव्हतं.

बायको सातव्या चित्रापुढे उभी राहिली. जांभळी पाणकोंबडी, लाल चोच, दोन्ही पाय सरळ. तिने बोटाने उजव्या पायाला हात लावला.

"हिना पाय सरय करी टाका त्यासनी," ती म्हणाली. "ही ती नही."

मी खिशातला लाल खडू काढला आणि त्या पायावर खूण केली. चौकीदार शिट्टी वाजवत आला, आम्ही निघालो. वाटेत तिने एकदा थांबून मान वळवली, पलीकडच्या काठाकडे कान केला. मी विचारलं, काही ऐकू येतं का? तिने मान हलवली, नाही.

घरी आलो. भिंतीपलीकडे दुसरी पाळी लागली होती, ताटातला पेला कापत होता. तिने भाकरी थापली, ताटात वाढली, माझ्यासमोर बसली. गरम, पातळ, कडेपर्यंत फुगलेली. मी घास खाल्ला आणि आता नाही तर कधीच नाही असं म्हणून मागांच्या आवाजावर आवाज चढवून ओरडलो, "भाकर चांगली व्हयनी."

तिने भुवया उंचावल्या. तिला ऐकू आलं नव्हतं. मी पुन्हा ओरडलो, भाकरीकडे बोट दाखवून, आणखी जोरात. तिने माझ्या बोटाकडे पाहिलं, भाकरीकडे पाहिलं. मग माझ्या ताटातून ती उचलली, बल्बच्या उजेडात धरली आणि उलटसुलट करून कुठे करपली आहे ते शोधू लागली.